कापड मागितलं, कारखाना लिहून दिला

दोन सर्व्हर, एक डेटाबेस, पुढे एक लोड बॅलन्सर. क्लाउडवर एवढंच उभं करायचं आहे. त्यासाठी जो माणूस डझनभर क्लास, तीन पिढ्यांचं इनहेरिटन्स आणि वर एक 'फॅक्टरी' लिहितो, त्याला आमच्या धंद्यात सीनियर म्हणतात. जो तेच काम सत्तर-ऐंशी ओळींत, जे हवं ते सरळ मांडून उरकतो, त्याला विचारतात, 'तुला प्रोग्रॅमिंग येतं ना रे?' ही उलटी गंगा आहे. मुंबई-पुण्याच्या तांत्रिक परिषदांमध्ये हे कोणी बोलणार नाही, कारण व्यासपीठावर उभं राहायचं तर गुंतागुंत दाखवावी लागते. 'मी एक साधी फाइल लिहिली आणि ती चालली' यावर चाळीस मिनिटं काढता येत नाहीत. म्हणून कबनूरहून लिहितो. इथे व्यासपीठ नाही.

कबनूर म्हणजे इचलकरंजीला चिकटलेलं, हातकणंगले तालुक्यातलं गाव. शेजारी माग खडखडत असतात आणि आत माझी मीटिंग चालू असते. म्यूट काढला की पलीकडचे विचारतात, 'तुमच्याकडे पाऊस पडतोय का?' पूर्वी समजावून सांगायचो, आता 'हो' म्हणतो. माझं काम म्हणजे दुसऱ्यांनी उभं करून सोडून दिलेल्या यंत्रणा सांभाळणं. लिहिणारा पगारवाढ घेऊन निघून जातो, त्याने लिहिलेलं मी वाचत बसतो. तेव्हा या वादात मी तटस्थ नाही हे आधीच सांगून टाकतो. माझी बाजू वाचणाऱ्याची आहे.

वाद काय आहे ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्लाउडवर काही उभं करायचं तर पूर्वी ब्राउझर उघडून बटणं दाबत जायचं. कोणी कधी काय दाबलं याचा पत्ता नाही. मग हे सगळं मजकुरात लिहून ठेवायची पद्धत आली. ॲमेझॉनने २०११ च्या फेब्रुवारीत क्लाउडफॉर्मेशन आणलं: काय काय हवं त्याची यादी जेसॉनमध्ये लिहा, उभं आम्ही करतो. २०१४ च्या जुलैत हॅशिकॉर्प कंपनीचं टेराफॉर्म आलं, स्वतःची छोटीशी एचसीएल नावाची भाषा घेऊन. हा डिक्लरेटिव्ह गोट. २०१८ मध्ये सिएटलच्या पुलुमी कंपनीने म्हटलं, यादी कसली लिहिताय, टाइपस्क्रिप्ट किंवा पायथॉनमध्ये सरळ प्रोग्रॅम लिहा. पुढच्याच वर्षी, जुलै २०१९ मध्ये, खुद्द ॲमेझॉनने आपलं सीडीके सर्वांसाठी खुलं केलं आणि तेही त्याच वाटेने गेलं. हा प्रोग्रॅमॅटिक गोट. पहिला गोट 'काय हवं' ते लिहितो. दुसरा गोट, 'काय हवं' ते तयार करणारं यंत्र लिहितो.

इचलकरंजीसारख्या वस्त्रनगरीतला माणूस संगणकावर लिहायला बसला की जॅकार्डच्या मागावरच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची गोष्ट सांगतोच. मी सांगणार नाही. ती इतक्यांनी इतक्या वेळा सांगितली आहे की आता जॅकार्डलाही कंटाळा आला असेल. मी दाखवतो ती वस्तू त्याहून साधी आहे. इचलकरंजीचा व्यापारी खर्चीवाल्या, म्हणजे मजुरीवर विणून देणाऱ्या, यंत्रमागधारकाला सूत देतो, तेव्हा सोबत क्वालिटी सांगतो. ताणा ६०, बाणा ६०, रीड ९२, पीक ८८, पन्ना ४८. पाच आकडे झाले, बोलणं संपलं. माग साधा की रॅपिअर, जॉबर कोण, वहिफणी कोणाकडून करून घ्यायची, कांडी कधी बदलायची, यातलं एक अक्षर त्यात नसतं. ते मागवाल्याचं काम आणि ते त्याला येतं. कापड आलं की घडीच्या टेबलावर पसरून भिंग लावायचं आणि इंचातले पीक, म्हणजे बाण्याचे आडवे धागे, मोजायचे. ८८ च्या जागी ८४ निघाले तर भांडण तिथल्या तिथे मिटतं किंवा पेटतं, कारण काय मागितलं होतं आणि काय आलं, हे दोन्ही एकाच भाषेत आहे. मजुरीसुद्धा पिकावरच ठरते, त्यामुळे या आकड्यांत कोणी काव्य करायला जात नाही.

आता समजा, व्यापाऱ्याने क्वालिटी न सांगता मागाच्या हालचालींची दोनशे पानी वही पाठवली. पहिल्या पानावर लिहिलं, 'बाकीचं आमच्या मूळ वहीत पाहावे', मूळ वही सोलापूरला, आणि ८८ पीक निघतील का म्हणून विचारलं तर म्हणाला, 'माग चालवून बघा, कळेल.' इथला खर्चीवाला त्यावर काय म्हणेल ते छापता येणार नाही. आमच्या धंद्यात अशी वही पाठवणाऱ्याचा सत्कार होतो.

अतिशयोक्ती वाटते? मग ऐका. पुण्याच्या एका कंपनीची यंत्रणा माझ्याकडे सांभाळायला आली. नाव नको, अशा कंपन्या पन्नास आहेत. ऑडिटरने एका ओळीचा प्रश्न पाठवला होता: तुमच्या सर्व्हरचं २२ नंबरचं पोर्ट साऱ्या जगाला उघडं आहे का? म्हणजे घराच्या मागच्या दाराला कडी आहे की नाही, इतका साधा प्रश्न. मी कोड उघडला. टाइपस्क्रिप्ट, देखणा, नीट मांडलेला. त्यात '२२' हा आकडा शोधला. कुठेच नाही. सर्व्हरचा क्लास एका मूळ क्लासमधून आलेला. तो मूळ क्लास या रिपॉझिटरीत नाहीच, कंपनीच्या अंतर्गत पॅकेजमध्ये. ते पॅकेज वेगळ्या रिपॉझिटरीत, आणि इथे वापरलेली त्याची आवृत्ती फार जुनी. तिथे पोचलो तर पोर्टचे नंबर एका एनममध्ये, आणि ते उघडायचं की नाही हे एका पर्यावरण-व्हेरिएबलवर अवलंबून, ज्याची ठरलेली किंमत डिप्लॉयमेंटच्या तिसऱ्याच फाइलमध्ये. हे सगळं ज्याने लिहिलं तो पोरगा बंगळुरूला दुसऱ्या नोकरीत. फोन केला. बिचारा सरळ होता. म्हणाला, 'दादा, तेव्हा भारी वाटलं होतं.'

उत्तर शेवटी सापडलं कुठे? त्या प्रोग्रॅमने सरतेशेवटी जी क्लाउडफॉर्मेशनची यादी बाहेर टाकली, तिच्यात. ती काढण्यासाठीसुद्धा आधी नोडची जुनी आवृत्ती बसवावी लागली, कारण नव्या आवृत्तीवर ते पॅकेज चालायला तयार नव्हतं. हजारो ओळींचं जेसॉन, दिसायला भिकार, कुठल्याही सीनियरला लाज वाटेल असं. पण त्यात '२२' शोधलं आणि एका फटक्यात समोर आलं. पोर्ट उघडं होतं.

हीच या सगळ्या पंथाची खरी फजिती आहे. सीडीकेचा प्रोग्रॅम कितीही डौलदार असो, तो धावतो आणि शेवटी २०११ सालच्याच क्लाउडफॉर्मेशनची यादी लिहून देतो. पुलुमीचा प्रोग्रॅम धावतो आणि इंजिनाला कळवतो की अमुक अमुक वस्तू असाव्यात. पुढे काय आहे आणि काय हवं याचा ताळा इंजिनच घालतं, तसाच, जसा टेराफॉर्म घालतं. म्हणजे तळाशी यादीच. यादीला नाकं मुरडणाऱ्यांनी एवढंच केलं की ती यंत्राकडून लिहून घेतली, आणि मग माणसांच्या नजरेआड ठेवली. सीडीकेच्या टेस्ट पाहा. 'आमच्या कोडला टेस्ट लिहिता येतात, तुमच्या यादीला येतात का?' हे त्यांचं ठेवणीतलं अस्त्र. त्यातल्या स्नॅपशॉट टेस्ट काय करतात? प्रोग्रॅमने काढलेली यादी कालच्या यादीशी जुळते का ते बघतात. ज्या गोष्टीची तुलना करून तुम्हाला सुखाने झोप लागते, ती गोष्ट मूळ म्हणून लिहायला तुमची हरकत का?

'पण ॲब्स्ट्रॅक्शनमुळे कमी लिहावं लागतं.' लागतं की. एक ओळ लिहा आणि सीडीके तुम्हाला आख्खं खासगी नेटवर्क उभं करून देतं. त्या एका ओळीत काय काय दडलेलं असतं? तीनपर्यंत झोनमध्ये सार्वजनिक आणि खासगी सबनेट, आणि प्रत्येक झोनमागे एक नॅट गेटवे. नॅट गेटवेचं भाडं अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विभागात ताशी ०.०४५ डॉलर. तीन गेटवे महिनाभर नुसते जागे ठेवले तर सुमारे ९८ डॉलर, म्हणजे आठ हजार रुपयांच्या वर, आणि त्यातून डेटा गेला तर त्याचे वेगळे. मोठ्या बँकेला ही रक्कम चहापाण्याची. पण आमच्याकडे सायझिंगचा हिशेब आणि सुताचा स्टॉक क्लाउडवर ठेवणारा एखादा कारखानदार असतो, त्याचा सगळे सर्व्हर मिळूनही इतका खर्च होत नाही. त्याच्या बिलात ही ओळ दिसते तेव्हा तो विचारतो, 'हे मागितलं कोणी?' खरं उत्तर असं, की कोणीच मागितलं नाही. कोणी 'नको' म्हणालं नाही, एवढंच. हाताने यादी लिहिणाऱ्याला तीन गेटवे हवे असतील तर तीन गेटवे लिहावे लागतात. तिसरा लिहिताना हात अडखळतो. हात अडखळणं ही फार मोलाची सुरक्षा आहे, आणि ती काढून टाकण्यालाच हे लोक उत्पादकता म्हणतात.

न लिहिलेलं किती महाग पडतं याचा जगातला सगळ्यात मोठा दाखला मे २०२४ मधला आहे. ऑस्ट्रेलियाचा युनिसुपर हा पेन्शन फंड, सहा लाखांवर सभासद. त्यांचं गुगल क्लाउडवरचं खासगी क्लाउड एक दिवस पुसलं गेलं. आठवडाभराहून अधिक काळ सभासदांना आपली खाती नीट दिसेनात. गुगलने नंतर जाहीर केलेलं कारण असं: ते खासगी क्लाउड उभं करताना गुगलच्या माणसांनी अंतर्गत टूल वापरलं आणि त्यातला एक रकाना रिकामा सोडला. रिकाम्या रकान्याचा अर्थ टूलने लावला, एक वर्षाची मुदत. मुदत संपली, टूलने आपलं काम चोख केलं. फंडाचे वेगळे ठेवलेले बॅकअप शाबूत होते म्हणून निभावलं. 'मुदत: एक वर्ष' अशी ओळ कुठेतरी नजरेसमोर लिहिलेली असती, तर वर्षभरात एखाद्या कारकुनानेसुद्धा विचारलं असतं, साहेब, हे काय आहे?

म्हणून माझ्यासाठी या धंद्यातली सर्वांत मोठी गोष्ट टेराफॉर्मची भाषा नाही, टेराफॉर्मचा प्लॅन आहे. काही बदलण्याआधी तो सांगतो की मी काय करणार आहे. अधिकचं चिन्ह म्हणजे नवं उभं करणार. उणे म्हणजे पाडणार. लाटेसारखी खूण म्हणजे जागच्या जागी बदलणार. आणि उणे-अधिक एकत्र दिसलं, शेजारी बदली भाग पडतेय अशी टीप दिसली, की चहाचा कप खाली ठेवायचा. तुम्ही नुसतं नाव बदललंय अशा समजुतीत असता आणि तो डेटाबेस पाडून नवा, रिकामा बांधायच्या तयारीत असतो. माझ्याबरोबर इचलकरंजीच्या डीकेटीईतून शिकून आलेली एक मुलगी काम करते. प्लॅन कसा वाचायचा हे ती पहिल्या आठवड्यात शिकली आणि पहिल्याच महिन्यात तिने एका ज्येष्ठाची पुल रिक्वेस्ट, म्हणजे मंजुरीसाठी आलेला बदल, त्या उणे-अधिकवर बोट ठेवून अडवली. टाइपस्क्रिप्टमधलं जेनेरिक्स तिला तेव्हा येत नव्हतं. यायची गरज पडली नाही.

हा प्लॅन विश्वासाचा असतो, कारण एचसीएल ही मुद्दाम लंगडी ठेवलेली भाषा आहे. त्यात अनंत फिरणारा लूप लिहिता येत नाही, स्वतःला हाका मारणारं फंक्शन लिहिता येत नाही. जे लिहिलंय ते उलगडून कुठेतरी थांबणारच. पूर्ण ताकदीची भाषा हातात दिली की हे आश्वासन संपतं. प्रोग्रॅम मध्येच आजची तारीख विचारू शकतो, नेटवर्कवरून काहीतरी आणू शकतो, आणि तोच कोड सोमवारी एक यादी देईल, मंगळवारी दुसरी. ही अडचण सीडीकेवाल्यांनाही पुरती माहीत आहे. म्हणून तर बाहेरून आणलेली माहिती एका फाइलमध्ये गोठवून ठेवायची आणि ती फाइल गिटमध्ये घालायची अशी सोय त्यांनी केली. पुलुमीलाही प्रीव्ह्यू आहे, आणि चांगला आहे. पण एखादी वस्तू दुसऱ्या वस्तूची किंमत कळल्यानंतरच्या कॉलबॅकच्या पोटात निर्माण केली, तर ती प्रीव्ह्यूत दिसेलच असं नाही. त्यांची कागदपत्रंच सांगतात, असं करू नका. 'करू नका' असं सांगावं लागणं आणि 'करताच येत नाही' अशी रचना असणं, यातला फरक ज्याला कळत नाही त्याने कृपया माझ्या सर्व्हरला हात लावू नये.

आता घरच्यांकडे वळतो, कारण टेराफॉर्मवाले काही धुतल्या तांदळाचे नाहीत. साध्या यादीची शपथ घेऊन आलेल्यांनी २०१९ च्या मे महिन्यात ०.१२ आवृत्ती आली तेव्हा नवी फॉर-एक्स्प्रेशन आणि डायनॅमिक ब्लॉक पाहिले आणि चोरट्या दाराने सगळं प्रोग्रॅमिंग आत घेतलं. आज मी अशा एचसीएल फाइली पाहतो ज्यात मर्जच्या आत फ्लॅटन, फ्लॅटनच्या आत दोन फॉर, आणि हे सगळं एका ट्रायमध्ये गुंडाळलेलं, म्हणजे चुकलं तरी आवाज नको. याला डिक्लरेटिव्ह म्हणायचं असेल तर मटणाच्या ताटाला उपवासाचं म्हणा. खरी भाषा घेतली असती तर निदान डीबगर तरी मिळाला असता.

एका वस्तूच्या हव्या तितक्या प्रती काढणाऱ्या काउंटची गोष्ट तर प्रत्येक नवख्याला छळते. तीन नावांची यादी, काउंटने तीन सर्व्हर. त्यांची ओळख शून्य, एक, दोन अशी नंबरावर. पहिलं नाव काढा. माणूस समजतो, एक सर्व्हर जाईल. टेराफॉर्म समजतं, शून्य नंबरवाल्याचं नाव बदललं, एक नंबरवाल्याचंही बदललं आणि दोन नंबरचा गेला. नाव बदलल्यावर नव्याने बांधायची वस्तू असेल तर तिन्ही हातचे गेले. म्हणून पुढे फॉर-ईच आलं, ज्यात ओळख नंबराने न राहता नावाने राहते. हे सुधारलं, पण किती उशिरा! तीच गोष्ट प्रिव्हेंट-डिस्ट्रॉयची. 'हा डेटाबेस पाडू नको' असं सांगणारी ही खूण. प्रॉडक्शनला चालू आणि चाचणीला बंद अशी व्हेरिएबलने ठरवू म्हणाल तर टेराफॉर्मने वर्षानुवर्षं ते करूच दिलं नाही. शिवाय टेराफॉर्म उभ्या केलेल्या वस्तूंची नोंद ठेवतं त्या स्टेट फाइलीत पासवर्ड उघडे पडतात. इथे पुलुमीला मान द्यायला हवा: गुपित म्हणून सांगितलेली किंमत ते स्टेटमध्ये एन्क्रिप्ट करूनच ठेवतात. लंगडी भाषा हवी याचा अर्थ अडाणी भाषा हवी असा होत नाही.

कुबरनेटीसवर यंत्रणा बसवायला वापरतात त्या हेल्मबद्दल बोलतच नाही. बरं, एक वाक्य बोलतो. ज्या यामलमध्ये प्रत्येक मोकळ्या जागेला अर्थ आहे, त्यात मजकूर चिकटवण्यासाठी टेम्प्लेट वापरायचं आणि किती मोकळ्या जागा सोडायच्या ते हाताने मोजून 'एनइंडेंट ८' असं लिहायचं, ही कल्पना ज्याला सुचली त्याला आणि ज्यांनी ती मान्य केली त्यांना मी एकाच बाकावर बसवीन.

वाद जुना आहे, तेही सांगायला हवं, नाहीतर पुण्याच्या पोरांना वाटतं पुलुमीने पहिल्यांदा आग शोधली. १९९३ साली ओस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी सीएफइंजिन लिहिलं ते 'मशीन कसं असावं' एवढंच सांगायला. २००५ च्या पपेटची स्वतःची डिक्लरेटिव्ह भाषा होती. २००९ मध्ये शेफ आलं, कशाला नवी भाषा, रुबीच वापरा म्हणत. शब्दनशब्द तेच भांडण. डेटाबेसवाल्यांनी तर ते त्याआधीच भांडून संपवलं: आयबीएममधल्या एडगर कॉड यांचा १९७० चा निबंध, आणि त्यातून पुढे आलेली एसक्यूएल. माहिती कशी शोधायची ते लिहू नका, कुठली हवी ते लिहा. पन्नास वर्षं झाली, अजून जगाचे व्यवहार त्यावर चालतात, आणि अजून दर पिढीत कोणीतरी उठून त्याच्यावर क्लासचे थर बसवतो.

यादीचा आणखी एक गुण संकटात कळला. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्पने टेराफॉर्मचा परवाना बदलला. मुक्त परवाना काढून बिझनेस सोर्स लायसन्स लावलं. ज्यांनी वर्षानुवर्षं फुकट बग शोधून दिले त्यांच्या तोंडावर दार लावलं. मग कंपनीच आयबीएमला विकायचं ठरलं, ६.४ अब्ज डॉलरला, आणि तो व्यवहार फेब्रुवारी २०२५ मध्ये पुरा झाला. हे सगळं मला चीड आणणारं आहे. पण माझ्या फाइलींचं काय झालं? काही नाही. परवाना बदलल्यावर महिन्याभरात लोकांनी जुन्या मुक्त आवृत्तीवरून फाटा काढला, लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ओपनटोफू उभं राहिलं, आणि जानेवारी २०२४ ला त्याची पहिली स्थिर आवृत्ती आली. फाइली त्याच, वाचणारं टूल बदललं. याउलट टेराफॉर्मसाठीच टाइपस्क्रिप्ट-पायथॉनमध्ये लिहायची सोय करणारं सीडीकेटीएफ घ्या. २०२० मध्ये गाजावाजा करून आलं, २०२२ मध्ये 'आता प्रॉडक्शनला वापरा' म्हणाले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये गाशा गुंडाळला. ज्यांनी त्यात हजारो ओळी लिहिल्या त्यांना सुचवलेला रस्ता काय? तुमच्या प्रोग्रॅममधून एचसीएल काढून घ्या आणि साध्या टेराफॉर्मवर या. फिरून फिरून भोपळे चौकात.

प्रोग्रॅमच हवा अशा जागा आहेत, नाही असं नाही. तुमचं उत्पादनच असं असेल की ग्राहकाने वेबसाइटवर बटण दाबलं की त्याच्यासाठी वेगळा डेटाबेस, वेगळं नेटवर्क उभं राहायला हवं, दिवसात शंभर वेळा, तर तिथे यादी हाताने कोण लिहिणार? तिथे पुलुमीचं ऑटोमेशन एपीआय घ्या, खुशाल लूप लावा. तीनशे खाती सांभाळणाऱ्या मोठ्या उद्योगालाही मी उपदेश करणार नाही. पण मला भेटणाऱ्या दहातल्या नऊ कंपन्यांकडे तीन पर्यावरणं असतात: डेव्ह, स्टेजिंग, प्रॉड. तीन. त्यांच्यासाठी लूप लिहितात, वर क्लास चढवतात, आणि मग कळतं की स्टेजिंगला डेटाबेस छोटा हवा, प्रॉडला जुळी प्रत हवी, डेव्हला नकोच. म्हणजे लूपच्या पोटात इफ, इफच्या पोटात इफ. तीन फाइली तीनदा लिहिल्या असत्या तर फरक शेजारी शेजारी ठेवून शेंबडं पोरही दाखवू शकलं असतं. पण 'एकच गोष्ट दोनदा लिहू नये' हा मंत्र कॉलेजात पाठ केलेला असतो, आणि तो कुठे लागू होतो हे शिकवायला तिथे कोणी भेटलेलं नसतं.

आणि त्या मंत्राचा उरलासुरला आधारही आता गेला. लिहिणं एआय करतं. तीन फाइलींतली तीच ओळ तीनदा बदलायची तर ते कंटाळत नाही, टायपिंग चुकवत नाही. महाग राहिलंय ते वाचणं, आणि झालेल्याची जबाबदारी घेणं. एआयने लिहिलेल्या साध्या यादीत भलती ओळ घुसली तर दिसते. एआयने लिहिलेल्या क्लासच्या जंजाळात घुसली तर ज्याने ते मागवलं त्यालाही दिसत नाही, कारण त्याने ते वाचलेलंच नसतं. मी दोन्ही प्रकारच्या पुल रिक्वेस्ट आता रोज पाहतो. दुसऱ्या प्रकारावर 'छान दिसतंय' असा शेरा मारून पुढे जाणारे लोकही रोज पाहतो.

तेव्हा ज्यांच्या हातात मंजुरीचं बटण आहे त्यांना माझं सांगणं एवढंच. कोड कुठल्याही भाषेत असू द्या, पुढच्या पुल रिक्वेस्टसोबत प्लॅन मागा. काय उभं राहणार, काय बदलणार, काय पाडलं जाणार, याची पूर्ण यादी, माणसाला वाचता येईल अशी, तिथेच जोडलेली. ती जोडलेली नसेल तर मंजुरी देऊ नका. जोडलेली असेल तर ती वाचा, क्लास नंतर बघा. सीनियर रागावेल. रागावू द्या.